दोन बोटं कापड

सोलापुरात राहत असताना मी शेजारच्या मुलाची पँट त्याच्या घरच्यांना न सांगता दोन बोटं आखूड केली. का, तर मुलगा वाढला असं त्याच्या आईला वाटावं म्हणून. एकदा केली, ते खपून गेलं, म्हणून पुन्हा केली. जन्मात मी पुष्कळ मूर्खपणा केलाय आणि त्यातला बराचसा नातवंडांना रंगवून सांगितलाय. हा मात्र आता सांगत नाही. ऐकणारा आधी हसतो, आणि मग हसू ओसरलं की माझ्याकडे बघतो. ते बघणं मला नको असतं.

तेव्हाची मी कशी होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. लग्न होऊन आलेली, शिवणाचा वर्ग पुरा केलेली, दारात पायमशीन टाकून बसणारी, आणि आपल्याएवढी हुशार बाई स्टेशनच्या या बाजूला दुसरी नाही अशी पक्की खात्री असलेली. कुणाच्या घरात काय शिजतंय हे मला वासावरून कळे, आणि कळलं की गप्प बसवत नसे. नवरा रेल्वेत बुकिंग क्लार्क. दिवसभर खिडकीच्या भोकातून लोकांशी बोलून तो इतका दमलेला असे की घरी माझ्याशी बोलायला त्याच्याकडे काही उरत नसे. मग मी शेजाऱ्यांकडे लक्ष देई.

भिंतीला भिंत लागून जे शेजारी होते, त्यातला माणूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दारात मला फक्त एक शर्ट दिसला. डोकं चौकटीच्या वर, बाहेर राहिलं होतं. मी त्या शर्टालाच विचारलं, कोण पाहिजे. शर्ट खाली वाकला, त्यातून एक लाजरा चेहरा निघाला, आणि नळाला पाणी येईना, तुमच्याकडं येतंय का वैनी, असं विचारून पुन्हा वर गेला.

तो मूळचा अक्कलकोटकडच्या खेड्यातला. तरणा असताना सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत आला की गर्दीत त्याचं डोकं सगळ्यांच्या वर तरंगत असे. हरवलेलं पोर कुणाला सापडलं तर लोक ते त्याच्या खांद्यावर बसवत, म्हणजे आईला लांबून दिसे. तिथंच रेल्वेतल्या कुणा साहेबाची त्याच्यावर नजर गेली. बास्केटबॉल खेळणार का, असं साहेबानं विचारलं. यानं विचारलं, जेवण मिळंल का. जेवण मिळालं, नोकरी मिळाली, खाकी कपडे मिळाले, पास काढून मुंबई-मद्रास बघायला मिळालं. वरच्या कड्यात चेंडू टाकायचा आणि पगार घ्यायचा, यावर त्याच्या म्हाताऱ्या आईचा मरेपर्यंत विश्वास बसला नव्हता. पोरगं काहीतरी लपवतंय असंच तिला वाटे.

मी पाहिला तेव्हा त्याचा एक गुडघा जायला लागला होता. दुसरं काही येत नव्हतं. लिहिणं जेमतेम, हिशेब त्याहून जेमतेम. टीममधून नाव कमी झालं की ऑफिसात स्टूलवर बसवतील, हे त्याला ठाऊक होतं. त्या स्टूलवर त्याचे गुडघे कानाशी येणार, हे आम्हा सगळ्यांना पुढे दिसायचंच होतं.

त्याची बायको, तिला मी अक्का म्हणे, त्याच्या कोपराला लागायची. बोलायला लागली की अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि दोन्हींत ठाम. त्यांना एकच मुलगा, तो बापाला अप्पा म्हणे. एका खोलीत तिघं झोपत. पहाटेच्या ड्यूटीला जाताना हा माणूस अंधारात पोराला ओलांडून दाराकडे जाई, कारण दुसरी वाटच नव्हती. झोपलेल्या पोराला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते. म्हणून अक्का त्याला दारातून परत बोलावून उलटं ओलांडायला लावी. मग तो पुन्हा बाहेर कसा जाणार? पुन्हा ओलांडून. भिंतीपलीकडून मी हे ऐकत असे आणि उशीत तोंड खुपसून हसत असे. हसण्यासारखंच होतं ते. अजून सगळं हसण्यासारखंच होतं.

मग एका वर्षी सामने होते. बाहेरगावच्या टीम आल्या होत्या आणि आमच्या शेजाऱ्यानं आपल्या जुन्या ओळखीच्या चार खेळाडूंना घरी जेवायला आणलं. जेवण अक्काकडं, पण माणसं मावेनात म्हणून पंगत आमच्या दोन्ही घरांच्या पुढच्या कट्ट्यावर. कडक भाकरी, शेंगांची चटणी, आमटी. पाच उंच माणसं एका ओळीत मांडी घालून बसली होती. मांडी कसली, पाय कुठंतरी लांब ठेवून दिले होते. गल्लीतली पोरं समोर उभी राहून जेवण संपेपर्यंत हलली नाहीत.

त्यातल्या एकाची पँट गुडघ्यावर उसवली होती आणि दुसऱ्याला नवी शिवलेली पँट घोट्याच्या वर येत होती. मोठ्या शहरातल्या शिंप्याला सुद्धा एवढा पाय असतो हे पटलं नव्हतं म्हणे. झालं, मी टेप घेऊन पुढं. कमरेचं माप घ्यायला मला हात वर करावा लागला, खांद्याचं घ्यायला पाटावर चढले. नवरा ड्यूटीवरून येत होता. त्यानं कोपऱ्यावरूनच पाहिलं आणि जवळ येऊन हळूच विचारलं, माप घेतेस का आंबे उतरवतेस. लग्नानंतर त्यानं केलेला हा पहिला विनोद, म्हणून मला आठवतो.

जेवणं झाल्यावर बोलणं निघालं ते मुलांचं. मला वाटलं होतं हे लोक सामन्यांच्या गप्पा मारतील. पण त्यांना सगळ्यांना एकच काळजी होती. एक उत्तरेकडचा होता, हिंदीतून सांगत होता की त्याचा मुलगा आत्ताच त्याच्या छातीला लागतो, त्याची चिंता मिटली. एकाचा मुलगा आईवर गेला होता. गणितात पहिला येतो, असं त्यानं सांगितलं, पण ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात आपण घरातलं दुखणं सांगतो. बाकीच्यांनी माना हलवल्या. तिसरा वयानं मोठा, केस पिकायला लागलेला, पुण्याला असायचा. तो म्हणाला की आपल्याला वर एक दार होतं, त्यातून आपण आत आलो. खालची दारं आपल्याला ठाऊकच नाहीत. पोरं आखूड निघाली तर त्यांना कुठल्या दारातून न्यायचं?

तेवढ्यात शेजाऱ्यानं आपल्या मुलाला हाक मारली. तो असेल तेव्हा तिसरी-चौथीत. माझ्या मशीनच्या मागं बसून चाकाचा पट्टा कसा फिरतो ते बघत होता. त्याला सगळं फिरणारं आवडायचं. त्याला मधे उभा केला आणि ते पाचही जण त्याला बघायला लागले. बाजारात खोंड बघतात तसं. पुण्याच्यानं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं, पाऊल आपल्या तळहातावर ठेवून घेतलं, पाठीचा मणका चाचपला. मग म्हणाला, पाय मोठा आहे. बापाला मागे टाकेल हा.

ते ऐकून शेजाऱ्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. आणि माझ्यातली ती शहाणी लगेच बोलली, की आत्तापासून माझ्या दाराची चौकट वर सरकवून घेते, नाहीतर कपाळमोक्ष व्हायचा. सगळे हसले. मला फार बरं वाटलं. पुढं कित्येक महिने नळावर, रेशनच्या रांगेत मी हेच सांगत होते: आमच्या शेजारचं पोर बघा, लग्नात अक्षता टाकायला शिडी लागणार.

कुणीतरी उत्साहानं पोराला भिंतीशी उभं करून डोक्यावर रेघ मारायला निघालं होतं. तशी अक्का आतून धावत आली आणि तिनं पोराला ओढून नेलं. तिच्या माहेरी खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. वाढतं धान्य मोजू नये, वाढतं पोर तर त्याहून नाही. मोजलं की तिथंच थांबतं. "साकु," ती म्हणाली, म्हणजे पुरे, आणि पुरेच झालं. त्या घरात त्या मुलाची उंची पुन्हा कुणी मोजली नाही. शेजारीही मोजत नसे. कदाचित त्याला बायकोचं पटलं असेल, किंवा मोजायची भीती वाटत असेल.

मग दुष्काळ आला. विहिरी आटल्या, टँकरची वाट बघत आम्ही घागरी मांडून बसायचो, रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा आणि त्याची भाकरी घशातून खाली जायची नाही. मुलांच्या वाट्याचं दूध चहापुरतं झालं. अशा दिवसांत कुणाचं पोर किती वाढलं हे कोण बघतो? पाऊस पडला, ज्वारी पुन्हा दिसायला लागली, आणि शेजारचा मुलगा नववीत गेला तेव्हा अक्का माझ्याकडे नवऱ्याची जुनी खाकी पँट घेऊन आली. पोराची पहिली फुल पँट त्यातून करायची होती.

बापाची पँट पोराला बेतायची म्हणजे कमर आणि मांडी कापायची, आणि खालचा पाय तर केवढातरी उरणार. मी कात्री लावणार तोच अक्कानं माझा हात धरला. कापू नका, उद्या लागंल की. मग मी ते सगळं कापड आत दुमडलं. दुमड एवढी मोठी झाली की जवळजवळ पोटरीपर्यंत पोहोचली. चालताना पोराच्या पायात खाली दोन पिशव्या बांधल्यासारखं वाटे, आणि उन्हाळ्यात त्याच्या नडग्यांना घामोळं येई. पण तो बोलणारा मुलगाच नव्हता. संध्याकाळी माझ्याकडं येऊन मशीनला तेल घाली, शटल काढून पुसून परत बसवी, आणि मशीन हलकं चालायला लागलं की स्वतःशीच हसे.

वर्ष गेलं. शाळा सुरू व्हायच्या आधी अक्का पँट घेऊन आली, दुमड सोडून उतरवायची का बघा वैनी. मी पोराला उभं केलं. पँट जिथं होती तिथंच होती, घोट्याच्या हाडावर. एक दोरासुद्धा फरक नाही. मी म्हटलं, अजून नको. अक्कानं पँटीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

तोवर शेजाऱ्याचं टीममधलं नाव गेलं होतं. तो स्टूलवर बसायला लागला होता. घरी आला की कट्ट्यावर पाय लांब करून बसे आणि समोरून कोण गेलं हेही त्याला कळत नसे. पोराशी तर त्याचं बोलणंच नव्हतं. पोरगा बाजूनं गेला की तो नजर उचलून त्याच्या डोक्याकडे बघे आणि नजर परत खाली टाके. भिंतीपलीकडून अक्काचा आवाज येई, जेवा की, दोन घास तरी जेवा की.

आणि मग माझी अक्कल. बटण तुटलं म्हणून पँट माझ्याकडे आली होती. बटण लावलं, आणि हातात उसवणी होतीच. मी खालची दुमड उसवली, दोन बोटं कापड आणखी आत घेतलं, आणि तशीच टीप मारून दिली. झालं काय, तर पँट दोन बोटं वर गेली. का केलं? अक्काची कीव आली हे खरं. पण सबंध गल्लीत शिडीच्या बाता मी मारल्या होत्या, त्या पोकळ ठरू नयेत हेही खरं. आणि गंमत वाटली, हे सगळ्यात खरं.

दुसऱ्या दिवशी अक्का धावत आली. हसत होती. तिला हसताना मी किती दिवसांनी पाहिलं कुणास ठाऊक. म्हणाली, पोराचे घोटे उघडे पडलेत, बघा की. कापड आटलं म्हणावं तर बापाची पँट, धुऊन धुऊन जे काही आटायचं ते कधीच आटून गेलेलं. मी गंभीर चेहरा करून पोराला उभं केलं, खडूनं खूण केली, आणि तीच दोन बोटं पुन्हा उतरवून दिली. पँट होती तिथं आली. पोरगा होता तिथंच होता. पण घरात आता असं झालं की, पँट एकदा उतरवावी लागली.

त्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या घरातून आवाज आला तो शेजाऱ्याचा. पोराला विचारत होता, उद्या माझ्यासंगं मैदानावर येतोस का.

मग रोज पहाटे ते दोघं जात. लंगडत जाणारा तो उंच माणूस आणि जेमतेम त्याच्या छातीला लागणारा मुलगा. जाताना-येताना बाप बोलत असे. मुंबईच्या मैदानाचं, मद्रासच्या इडलीचं, एका सामन्यात चेंडू कड्यावर कसा फिरत राहिला त्याचं. माझ्या खिडकीखालून जाताना मला तुकडे ऐकू येत. कट्ट्यापुढच्या कडुनिंबाला त्यानं एक लोखंडी दांडा बांधला. पोरानं रोज त्याला लोंबकळायचं, म्हणजे अंग ताणलं जातं. पोरगा लोंबकळे. हात थरथरायला लागले तरी सोडत नसे. मी भाजी निवडत ते बघे आणि आता पुरे रे, असं म्हणायला तोंड उघडे, पण ती शहाणी लगेच म्हणे, व्यायाम वाईट असतो होय?

एकदा केलं की पुन्हा करावंच लागतं. काही महिन्यांनी अक्का पुन्हा विचारायला आली, आता उतरवायची का. तिचं ते विचारणं बघून मी पुन्हा काहीतरी निमित्त काढून पँट ठेवून घेतली, पुन्हा दोन बोटं आत घेतली. पुन्हा घोटे उघडे, पुन्हा अक्का हसत दारात, पुन्हा मी खडू घेऊन उभी. शेजाऱ्यानं दूध वाढवलं. स्वतःचा चहा सोडला.

पोराची मॅट्रिक, तेव्हा ती अकरावीला असे, जवळ आली तेव्हा कुर्डुवाडीहून अक्काचा भाऊ आला. तो तिथल्या वर्कशॉपमध्ये फिटर. सांगायला आला होता की शिकाऊ मुलं घेणार आहेत, रेल्वेतल्या माणसाच्या मुलाला सोपं जाईल, आणि आपल्या पोराचा हात यंत्रावर चांगला आहे हे त्यानं सुट्टीत पाहिलं होतं. राहायला मामाचं घर. शिकून निघाला की नोकरी. पण आत्ताच घालायला हवं. पुढच्या वर्षी घेतील का नाही सांगता येत नाही, आणि वयही बसणार नाही.

बोलणं कट्ट्यावरच चाललं होतं. मी माझ्या दारात मशीनवर होते. मुलगा कडुनिंबाखाली उभा होता, दांड्याला एक हात लावून. शेजारी म्हणाला की त्याच सुमाराला पुण्याला निवड आहे, खेळाडू मुलं घेणार आहेत, राहणं-जेवण-शिक्षण सगळं. आणि तिथं निवड करणाऱ्यांत तो जुना मित्र आहे, ज्यानं पोराचं मनगट पाहिलं होतं. वर्कशॉपमध्ये घातलं की खेळ संपला. मामा म्हणाला, दाजी, पोरगं मला तर तेवढंच दिसतंय. शेजाऱ्यानं बायकोकडं पाहिलं. अक्कानं माझ्याकडं पाहिलं.

"सांगा की वैनी," ती म्हणाली. "पँट दोनदा उतरवली का न्हाय?"

मशीनवरचा पाय थांबला. मला आठवतंय, समोर कुणाचंतरी परकराचं कापड होतं, गुलाबी. मी तेव्हा खरं बोलले असते तर फार तर काय झालं असतं? अक्कानं माझ्याशी बोलणं टाकलं असतं. गल्ली हसली असती. मी मान वर केली आणि म्हटलं, "उतरवली की."

यात खोटं काही नव्हतं, बघा. पँट मी दोनदा उतरवलीच होती.

मामानं चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जाताना पोराच्या खांद्यावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला. पोरगा त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेला आणि खूप उशिरा परतला.

पुण्याला बाप-लेक दोघं गेले. तिथं काय झालं ते शेजाऱ्यानं कधी सांगितलं नाही. त्याच निवडीला आपला मुलगा घेऊन गेलेल्या ऑफिसातल्या एकाकडून माझ्या नवऱ्याला कळलं. मुलांना ओळीनं भिंतीशी उभं करत होते. भिंतीवर खडूची रेघ होती. तो पिकल्या केसांचा मित्र ओळीवरून चालत येत होता. आमच्या पोराशी आला, थांबला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि रेघेकडे बघितलंच नाही. हात तसाच डोक्यावर ठेवून त्यानं लांब उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. माझ्या नवऱ्यानं एवढं सांगितलं आणि पुढं म्हणाला, तू दोनदा पँट उतरवलीस म्हणत होतीस ना, मग हे कसं? मी पोळी लाटत होते. म्हटलं, मला काय माहीत.

परतल्यावर शेजाऱ्यानं दांडा काढला नाही. तो तसाच झाडाला राहिला. त्यावर अक्का वाळवणाचे कपडे टाकायला लागली. वर्कशॉपची भरती होऊन गेली होती. पुढच्या वर्षी वय गेलं. मामानं दुसरीकडं कुठंतरी शब्द टाकून पाहिला, काही झालं नाही. मुलगा एका पॉवरलूमच्या शेडमध्ये कामाला लागला, चादरींच्या मागावर.

एकदा कुणाचंतरी बाळंतविड्याचं कापड आणायला मी त्या बाजूला गेले होते, तेव्हा शेजारी मला दिसला. पोराचा डबा घेऊन शेडच्या दाराशी उभा होता. शेडचं दार ठेंगणं आणि आतले पत्रे त्याहून खाली. तो आत जाऊ शकत नव्हता. वाकून, एक हात चौकटीला धरून, तो आत तोंड करून पोराला हाक मारत होता आणि मागांच्या खडखडाटात त्याची हाक कुणालाच ऐकू जात नव्हती. मी दुसऱ्या गल्लीनं घरी आले.

घरी मात्र तो सगळ्यांना एकच सांगत असे. पोरगं चांगलं वाढत होतं, वैनींनाच विचारा, वर्षात पँट उतरवावी लागत होती. मधेच काय झालं कळलं नाही. आणि हे बोलताना हात आपल्या गुडघ्यावर ठेवत असे. मी समोर असले तर मान डोलवत असे. किती दिवस मान डोलवणार?

शेवटी मीच एका संध्याकाळी त्या शेडपाशी गेले. मिलचा भोंगा झाला होता, पाळी सुटली होती. मुलगा बाहेर आला. भुवयांवर, केसांत सूत बसलेलं, त्यामुळे एकदम म्हातारा दिसला. मला बघून त्याला वाटलं घरी काहीतरी झालं. मी म्हटलं, नाही, मला काही सांगायचंय. भिंतीच्या कडेला उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. बटणाचं, उसवणीचं, दोन बोटांचं, मामासमोर काय म्हटलं त्याचं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, पण ठरवणारी तीच ती शहाणी, तिचं काही खरं नसतं. मी म्हटलं, आज घरी चल, तुझ्यासमोर अप्पांना सांगते, म्हणजे ते तुला तरी दोष देणार नाहीत.

तो बोटानं भुवईवरचं सूत काढत राहिला. मग म्हणाला की त्याला पहिल्याच वेळी कळलं होतं. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करत, आणि तो दोन्ही वर्षं पुढून त्याच जागी उभा होता. घरी मात्र सांगायचा की हजेरीच्या नंबरानं उभं करतात. मी विचारलं, मग बोलला का नाहीस, कुर्डुवाडीला जायचं होतं ना तुला? त्यानं रस्त्याकडं पाहिलं. माणसं सायकली काढत होती. मग तो जे बोलला ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं, आणि शब्दाला शब्द तसंच लिहिते:

"अप्पांना सांगू नका, काकू. वाढत होतो आन् मधेच थांबलो, हे त्यांना समजतंय, त्यांचंबी तसंच झालं. वाढलोच नव्हतो म्हटलं तर ते पहाटंचं मैदानबी खोटं व्हईल की. त्या दोन वर्षांत ते माझ्यासंगं जेवढं बोलले, तेवढं आधी कधी बोलले न्हाईत आन् आता तर बोलतच न्हाईत. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या."